"आपल्याकडे असं काही नाही हो"

काल स्टाफरूममध्ये हे वाक्य पुन्हा ऐकलं. बाहेरून आलेल्या मुलांना आपल्या कॉलेजात परकं वागवलं जातं का, असा विषय निघाला होता. "आपल्याकडे असं काही नाही हो, सगळी मुलं मिळूनमिसळून राहतात." आमचे एक सहकारी सर मनापासून बोलत होते. पुण्यात शिकवायला लागल्यापासून कितीतरी वर्षं मीही हेच म्हणत आले. पण तसं काही आहे की नाही, हे ज्याला सोसावं लागत नाही त्याने कसं ठरवायचं?

मणिपूरच्या उखरूलहून एक मुलगी आमच्याकडे बी.ए.ला आली होती. पहिल्या हजेरीला मी तिच्या नावावर अडखळले. दोनदा चुकले, वर्ग हसला. ती उभी राहून म्हणाली, "मॅम, मला रोझ म्हणा." मला हायसं वाटलं. तीन वर्षं मी तिला रोझच म्हणत होते. ते तिचं नाव नव्हतंच.

शेवटचा पेपर झाल्यावर ती भेटायला आली. इथे कसं वाटलं, असं मी सहज विचारलं. आधी म्हणाली, "शिकवतात छान." मग हळूहळू बोलायला लागली. कॅन्टीनमध्ये मागून "चिंकी", "मोमो" ऐकू यायचं. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, "नेपाळची का?" घरून आलेली वाळवलेली मासळी होस्टेलवर शिजवली म्हणून रेक्टरपुढे उभं राहावं लागलं. "आणि मॅम, ट्रॅडिशनल डेला मात्र सगळ्यांना माझ्याबरोबर फोटो हवा असायचा." तिचा तो फोटो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर होता. मीच निवडला होता.

मासळीचं ऐकून मी गप्प झाले. मी मालवणची. एम.ए.ला असताना बोंबील भाजले म्हणून मलाही खोली सोडावी लागली होती. पण मला आठवड्यात दुसरी मिळाली. माझा चेहरा बघून कुणी माझा देश विचारला नाही.

ऑगस्ट २०१२ आठवतो? ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि पुण्यातून, बंगळुरूतून ईशान्येची हजारो माणसं, त्यात कितीतरी विद्यार्थी, मिळेल ती गाडी धरून घराकडे निघाली. नुसत्या मेसेजवर एवढी मुलं का पळाली, असं तेव्हा आपण विचारत होतो. इथे आपल्याला कुणी वाचवेल असा भरवसा त्यांना का नव्हता, हे विचारायला हवं होतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया मारहाणीत गेला. मग ईशान्येच्या लोकांना बाहेर काय सोसावं लागतं हे पाहायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ईशान्येचा इतिहास सगळ्या देशातल्या मुलांना शिकवा, असं तिने सांगितलं. आमच्या वर्गातल्या किती मुलांना ईशान्येची राज्यं नकाशावर दाखवता येतील?

एवढ्या लांब जायलाही नको. नंदुरबारमधल्या धडगावचा एक पावरा आदिवासी मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मी बोललो की हसतात, म्हणून वर्गात बोलणं सोडलं." आमच्या रजिस्टरमध्ये तो 'शांत स्वभावाचा विद्यार्थी' आहे.

वर्षाअखेरीस आम्ही मुलांकडून फॉर्म भरून घेतो. ग्रंथालय कसं, शिकवणं कसं, पाणी स्वच्छ आहे का. इथे तुला परकं वाटतं का, हा प्रश्न त्यात नाही. यंदा तो घालावा म्हणून मी लेखी दिलंय. "नसते वाद होतील," असं उत्तर आलं. मी पुन्हा देणार आहे.

आणि जूनमध्ये पहिल्या तासाआधी यादी घेऊन बसते. जे नाव मला येत नाही, त्या मुलाला बोलावून त्याच्याच तोंडून ऐकते आणि देवनागरीत लिहून ठेवते. यंदा नागालँडच्या एका मुलाच्या नावावर दोनदा काट मारावी लागली. तिसऱ्यांदा लिहिलेलं वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "हां मॅम, हेच."