पाळकसाहेबांची बदली झाली की मंडळीत काय उरतं?

दर काही वर्षांनी चर्चच्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बदली होते आणि पुढचे कित्येक महिने मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एकच विषय चालतो: आधीचे बरे होते की आताचे. उपदेश आवडत नाही म्हणून काही घरं दुसऱ्या चर्चला जायला लागतात. तरुण संघ थंडावतो. आधीच्या पाळकांशी ज्यांचं जमायचं, ते पंच कमिटीतून हळूच अंग काढून घेतात. बायबलमधल्या करिंथ शहराच्या मंडळीतही हेच चाललं होतं. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, असं जो तो आपल्या आवडत्या पुढाऱ्याचं नाव घेई. प्रेषित पौलाने आपली बाजू घेणाऱ्यांचीही गय केली नाही. पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला का, असं त्याने सरळ विचारलं.

मला मनापासून वाटतं, की आपल्या मंडळीच्या केंद्रस्थानी देव आहे की माणूस, हे रविवारच्या उपासनेत कळत नाही. ते सोमवार ते शनिवार कळतं, पाळक समोर नसताना.

या बाबतीत मला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची फार आठवण येते. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. केवढं मोठं स्वप्न! पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि संस्था म्हणून दरबार पुढे फार टिकला नाही. टिकली ती त्यांची भजनं. आजही गावाकडच्या मंडळीत म्हाताऱ्या आजी 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक न उघडता ती म्हणतात. अभंग-ओवीचे छंद, इथल्याच चाली, साथीला टाळ आणि पेटी. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही या भजनांतून ख्रिस्त मनात साठवला, आणि त्यासाठी त्यांना टिळक समोर असावे लागले नाहीत.

पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचंही तसंच. १९२१ साली त्यांची मुलगी मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंनंतर काम त्याच सांभाळणार होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. आई आणि मुलगी दोघी गेल्यावर कुणालाही वाटलं असतं, आता सगळं संपलं. मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसतं सांभाळलं नाही. शेत, स्वयंपाकघर, विणकाम, छापखाना, सगळीकडे त्यांना कामाला लावलं आणि त्या कामासोबत प्रार्थनेलाही. रमाबाईंचं सोप्या मराठीतलं बायबल तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. देवाचं काम बाईंचं एकटीचं राहिलं नव्हतं, ते त्या मुलींचंही झालं होतं.

आता आपल्याकडे बघू. कुटुंब प्रार्थना किती घरांत उरली आहे? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाने आपल्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितल्या, ते काम याजकांवर सोपवलं नाही. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला, असं आईबापांना सांगितलं. आपण ते सगळं चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेच्या तासावर ढकललं. रात्री जेवणाआधी एक स्तोत्र वाचायचं, एकाने प्रार्थना करायची, धाकट्याने प्रभूची प्रार्थना म्हणायची, याला दहा मिनिटं पुरतात. बापाला आपल्या कर्जासाठी, आजारी शेजाऱ्यासाठी देवाकडे रडताना ज्या मुलाने ऐकलंय, त्याला देव खरा आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

गिटार आणि स्क्रीनबद्दल माझी तक्रार नाही. पण दर महिन्याला नवीन गाणी येतात आणि एकही पाठ होत नाही, याची मला काळजी वाटते. दवाखान्यात, अंत्यविधीच्या वेळी स्क्रीन नसते. तिथे जे तोंडपाठ आहे तेच कामाला येतं.

आणखी एक, जरा कडू आहे पण बोललंच पाहिजे. लग्न जुळवताना आपण आजही बापजाद्यांची जात विचारतो. पंचांच्या निवडणुकीत पॅनल पडतात, मिशन कंपाउंडच्या जमिनीवरून मंडळीतली माणसं एकमेकांना कोर्टात खेचतात. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिथे उभा राहा', हे बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्रात इतक्या स्पष्ट शब्दांत धिक्कारलं आहे, आणि तरी मानाच्या खुर्च्या आपण मांडतोच. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही. सगळ्यांना बोलावलं आणि पवित्र आत्म्याने भरलेली सात माणसं निवडायला सांगितलं. हिशेब आणि वाटप हेसुद्धा त्यांच्या लेखी आत्मिक काम होतं. मग आपल्या मंडळीचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचायला संकोच का वाटावा?

आमच्या वार्षिक सभेत यंदा मी हेच मांडणार आहे. कन्व्हेन्शनच्या मेळाव्याच्या मांडवाचा खर्च ठरवण्याआधी प्रत्येक आळीत आठवड्याच्या प्रार्थनेसाठी एक घर ठरवावं. तिथे बायबलचं वचन पाळकांनी नाही, त्या घरच्यांनी वाचावं. शब्बाथ शाळेच्या मुलांकडून वर्षभरात निदान पाच स्तोत्रं आणि टिळकांची पाच भजनं पाठ करून घ्यावीत. तुमच्या मंडळीत असं आधीपासून चालू असेल तर मला जरूर कळवा. मी येऊन बघेन, आणि आमची दोन-चार तरुण मुलंही सोबत आणेन.