न्हावा-शेव्याचं नाव ऐकून सिंदीत इसार घेऊ नका

मोठ्या बाबांच्या मोबाइलवर एक मेसेज आला आणि ते थेट सातबारा शोधायला बसले. मेसेज असा: वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे)ला बंदर होतंय, जहाजाचा माल इथेच उतरेल. न्हावा-शेव्याच्या शेतकऱ्यांनी विरोध न करता जमिनी दिल्या, आज सगळे करोडपती आहेत. विदर्भाचा माल आता पहिल्यांदा समुद्राला लागणार. आत्ताच इसार घ्या, मग भाव मिळणार नाही.

‘विरोध न करता’? न्हावा-शेवा बंदर आहे त्या उरण तालुक्यात सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि बंदरासाठी जमिनी जात होत्या, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वात शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या रक्तातून आलं, कोणाच्या मेहेरबानीनं नाही.

आणि ती जमीन तरी कधी? बंदर सुरू झालं 26 मे 1989 ला. बंदरग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हातून मिळाली 16 ऑगस्ट 2014 ला. मधे 25 वर्षं गेली, आणि हाती आलं ते पत्र, प्लॉट नाही. शेव्याच्या कोळीवाड्याचं हाल तर त्याहून वाईट. गाव उठवून जिथं वसवलं तिथं घरांना वाळवी लागली, चौकटी पोखरून गेल्या, आणि ती माणसं धड पुनर्वसनासाठी भांडत राहिली. यांना करोडपती म्हणायला जीभ कशी रेटते?

इसाराचं तर ऐकूच नका. 2013 च्या कायद्यानं जमीन घ्यायची असेल तर आधी अधिसूचना निघते, हरकतीला 60 दिवस मिळतात, सुनावणी होते. दलालाच्या कच्च्या पावतीवर सही करून मोकळे झालात, तर पुढच्या मोबदल्यावर वाद उभा राहू शकतो. अधिसूचना दाखव म्हणा, मग बसू.

बाकीचं थोडक्यात. सिंदीला जहाज येणार नाही. तिथलं बंदर ते ड्राय पोर्ट, म्हणजे रेल्वेची सायडिंग, कंटेनरचं यार्ड आणि कस्टमची तपासणी. ‘पहिल्यांदा’ हेही चूक, कारण खामगावची रेल्वे 1870 ला सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला न्यायलाच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कस्टमचं काम इथंच उरकून सीलबंद कंटेनर रेल्वेनं बंदराला गेला, तर कापसाच्या गाठी पाठवणाऱ्याचा वेळ आणि भाडं वाचू शकतं. पण त्यात पहिला फायदा जिनिंगवाल्याचा आणि व्यापाऱ्याचा. तो शेतकऱ्याच्या भावात उतरेलच, याची हमी कोणी लिहून देत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याची निर्यातही बंदर नाही म्हणून बसली नाही. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं म्हणून बसली, आणि ते शुल्क सिंदीच्या यार्डात कमी होत नसतं.