खुलासा : १९३८ साली 'झेरॉक्स मशीन' तयार झालं नव्हतं

'अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये एकट्याने झेरॉक्स मशीन बनवलं' असा मेसेज सध्या फिरतोय. साल बरोबर, माणूसही बरोबर. पण 'मशीन' आणि 'एकट्याने' हे दोन्ही चूक.

२२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात जे झालं, ते सगळं हातानं. सोबतीला त्याचे सहायक ओटो कोर्नाय होते. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिलेला. तो अंधारात रुमालाने घासून त्यात विद्युतभार आणला, वर '१०-२२-३८ अॅस्टोरिया' लिहिलेली काच ठेवून दिवा लावला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांखालचा राहिला. मग लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड भुरभुरवून फुंकर मारली, तर अक्षरं उरली! ती मेणकागदावर उतरवली.

याचं ऑफिसात सहज वापरता येईल असं स्वयंचलित मशीन व्हायला १९५९ उजाडलं, ते म्हणजे 'झेरॉक्स ९१४'. मधल्या काळात अमेरिकेतल्या बॅटेल या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी मोलाची भर घातली. गंधकाच्या जागी प्रकाशाला कितीतरी जास्त संवेदनशील असं सेलेनियम हे मूलद्रव्य आलं. रुमालाऐवजी उच्च विद्युतदाबाच्या तारेने भार देता येऊ लागला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती टोनरची, म्हणजे छपाईच्या पुडीची, युक्ती : काळी पूड बारीक मण्यांना चिकटवून पत्र्यावर फिरवायची. घर्षणाने पुडीला योग्य भार मिळतो, ती अक्षरांवरच बसते, कोरी जागा स्वच्छ राहते. हे नसतं तर प्रत काळपट, डागाळलेली निघाली असती.

 

मेसेज पुढे पाठवलाच असेल, तर एवढी दुरुस्तीही पाठवा.