"सगळं फाशावरच आहे ना?" या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, डीबीएवरच्या (टेबलावर मिनिएचर मांडून खेळायचा प्राचीन लढायांचा खेळ) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय ते नीट वाचलं, आणि दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दोन्हीकडे बारा-बारा तुकडे, चालायला फासा, लढायला फासा, म्हणजे हे ल्युडोच झालं, याला प्राचीन युद्धाचा खेळ कशाला म्हणायचं. दुसरं, लेखातल्या लढाईच्या आकड्यांच्या तक्त्यात भाल्याला 4 आणि खालच्या उदाहरणात भाल्याला 3, मग खरं कुठलं. आणि तिसरं, "आधी खेळा मग पुस्तक वाचा" हा माझा सल्ला चुकीचा, नियम आधी पाठ पाहिजेत.

आधी भाल्याचं. तिथे चूक माझीच आहे, लेख दुरुस्त केलाय. नियमांच्या इंग्रजी पुस्तकात स्पिअर आणि पाइक हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि मी दोन्हीला भालाच लिहून टाकलं. स्पिअर म्हणजे ग्रीक हॉप्लाइटचा, एका हातात धरायचा, दुसऱ्या हातात मोठी ढाल. पाइक म्हणजे मॅसिडोनियाची सारिसा, पाच-सहा मीटर लांब, दोन्ही हातांनी पेलायची. पायदळासमोर स्पिअरला 4 आणि पाइकला 3. आता 3 बघून वाटतं की एवढी गाजलेली सारिसा आणि तिलाच कमी? पण पाइकच्या मागे पाइकचाच दुसरा तुकडा उभा केला की आणखी 3 मिळतात, म्हणजे 6. एकटा पाइक कामाचा नाही, तो खोल रांगेतच भारी, हे त्या आकड्यांमध्येच लिहिलेलं आहे. यापुढे मी सारिसा आणि भाला असे वेगळे शब्द वापरीन.

आता फासा. हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण सुरुवातीला मीपण तुमच्यासारखाच अडलो होतो. लढाईत दोघंही फासा टाकतात, त्यात आपल्या तुकड्याचा तक्त्यातला आकडा मिळवतात, ज्याची बेरीज कमी तो मागे सरकतो, आणि बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी आली तर बहुतेक वेळा तुकडा मेला. रोमन लीजनचा, म्हणजे तलवारवाल्या पायदळाचा, आकडा पायदळासमोर 5. सपाट जमिनीवर मागे आधार असलेली सारिसा 6. दोन फाशांचे सगळे 36 प्रकार कागदावर मांडून बघा, रोमनची बेरीज सारिसाच्या दुप्पट एकदाही होत नाही. एकदाही नाही! समोरून भिडून सपाट मैदानात ते फॅलँक्स (सारिसावाल्यांची दाट, खोल रांग) तुम्ही मारूच शकत नाही, फक्त ढकलू शकता. आता तीच लढाई वाईट, म्हणजे खडबडीत जमिनीत न्या. दोघांचे 2-2 कमी होतात, पण सारिसाचा मागचा आधारपण जातो, म्हणजे रोमन 3 आणि सारिसा 1. परत 36 प्रकार मांडा, आता 12 वेळा फॅलँक्स मरतं. तीनात एकदा. फासा तोच, माणसं तीच, फक्त लढाई कुठे करायची ते तुम्ही ठरवलं. ल्युडोत हे ठरवायला मिळत नाही.

आणि हे लेखकांनी मनाने ठरवलेलं नाहीये. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने हेच लिहून ठेवलंय की फॅलँक्सला मोकळी सपाट जागा लागते, ओढे खड्डे उंचवटे आले की रांग तुटते आणि रोमन त्या फटीत शिरतात. इ.स.पू. 168 ला पिडनाला रोमन आणि मॅसिडोनियाच्या लढाईत जवळपास तेच झालं.

दुसरा फासा म्हणजे पिपचा, आणि तुम्हाला जास्त राग त्याचाच आलाय असं दिसतंय. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा, जेवढे आले तेवढे पिप, म्हणजे तेवढे हुकूम. एक आला तर एकच हालचाल, "मग सेनापती काय झोपला होता का" असं तुम्ही विचारलंत. इथे इ.स.पू. 197 ची किनोस्केफलीची लढाई बघा. मॅसिडोनियाचा राजा फिलिप पाचवा उजव्या बाजूचं फॅलँक्स घेऊन उतारावरून रोमनांना खाली रेटत होता, तिथे तो जिंकतच होता, पण त्याची डावी बाजू अजून डोंगरावर येतच होती, रांग लागलेली नव्हती, तेवढ्यात रोमन सेनापती फ्लॅमिनिनसने हत्ती पुढे घालून तिच्यावर हल्ला केला आणि ती मोडली. राजा झोपला नव्हता हो, तो एका ठिकाणी होता आणि दुसरीकडे त्याचा हुकूम वेळेत पोचून कामाला आला नाही, एवढंच. मग एका रोमन ट्रिब्यूनने (लीजनमधला अधिकारी), ज्याचं नावसुद्धा पॉलिबियस देत नाही, स्वतःच्या डोक्याने वीस मॅनिपल (लीजनच्या छोट्या तुकड्या) वळवले आणि जिंकत असलेल्या फॅलँक्सच्या पाठीत घातले. सारिसावाल्यांना मागे वळताच येईना. खेळातपण बाजूला किंवा पाठीला शत्रू चिकटलेला असताना तुकडा हरला तर तो मागे सरकत नाही, थेट मरतो.

पिपमध्ये अजून एक गोष्ट आहे जी वाचून लक्षात येत नाही. सरळ जोडलेली अख्खी रांग एका पिपमध्ये पुढे जाते, पण तीच रांग तुटली की प्रत्येक तुकड्याला वेगळा पिप लागतो. म्हणून चांगला खेळाडू फासा चांगला पडायची वाट बघत बसत नाही, तो आपली रांग जपतो आणि समोरच्याची तोडायला बघतो, मग वाईट फासा त्याला कमी दुखतो. हे मला चौथ्या की पाचव्या गेमला समजलं, तोपर्यंत मीपण फाशालाच दोष देत होतो.

आता नियम पाठ करण्याबद्दल. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांचं हे पुस्तक पहिल्यांदा 1990 ला आलं, 3.0 आवृत्ती 2014 ला, आणि बार्करची भाषा एवढी आवळलेली आहे की एकेका वाक्यात तीन-तीन अटी असतात. मी ते तीन आठवडे रोज रात्री वाचलं, पेन्सिलने खुणा केल्या, आणि पहिल्या गेमला मित्राने विचारलं "हा तुकडा इथून वळेल का?" तर मला सांगता आलं नाही. पुस्तक वाचू नका असं मी म्हणत नाहीये, टेबलावर अडल्यावर वाचा म्हणजे तो परिच्छेद कशासाठी लिहिलाय ते कळतं आणि मग तो विसरत नाही.

तुम्ही एक करून बघा. पुठ्ठ्याचे 40 मिमी रुंदीचे आठ तुकडे कापा, लहान मिनिएचरच्या बेसची रुंदी तेवढीच असते. चार रोमन एका ओळीत, समोर चार सारिसा, दोन पुढे दोन मागे. रोमनांची ओळ लांब असल्याने कडेचे दोघे बाजूने झाकतील आणि सारिसाच्या 6 मधला 1 जाईल, म्हणजे 5 विरुद्ध 5. असं दोनदा खेळा. मग मधे एक हिरवा रुमाल टाका, ती वाईट जमीन, आणि परत खेळा. अर्धा तास लागतो.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आपल्याकडे चतुरंग असताना रोमन-ग्रीक कशाला. डीबीएच्या याद्यांमध्ये प्राचीन भारतीय सैन्यपण आहे, हत्तीसकट, आणि मला ते खेळायला फार आवडतं. हत्तीला पायदळासमोर 4, घोडदळासमोर 5, पण हलक्या भालाफेक्यांशी हरला तर हत्ती सरळ मरतो. इ.स.पू. 326 ला झेलमकाठी पोरसच्या माहुतांवर सिकंदराची माणसं भाले फेकत होती असं प्राचीन इतिहासकार एरियन सांगतो, तो नियम तिथलाच वाटतो मला. रुमालाचा गेम झाला की पुठ्ठ्याचे दोन हत्ती कापून ठेवा, पुढच्या लेखात झेलमच मांडतोय.