‘धंदे’ या शब्दाबद्दल

नमस्कार. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीला दमा समजण्याच्या चुकीवर मी मागचा लेख लिहिला होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली: ‘डॉक्टर नसताना लोकांना घाबरवायचे धंदे बंद करा. असा कॅन्सर लाखात एखाद्याला होतो. दम्याच्या मुलांना स्टेरॉइडनेच आराम पडतो.’

एक मान्य करतो. ‘खोकला? आधी एक्स-रे काढा’ हे शीर्षक भडक होतं. बदललं आहे.

पण ‘धंदे’? या ब्लॉगवर एक तरी जाहिरात दाखवा. माझा पुतण्या तेव्हा 15 वर्षांचा होता. दमा म्हणून तीन आठवडे पंप आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या. गोळ्या घेतल्या की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. आडवा झाला की घुसमटायचा, म्हणून वहिनी पाठीशी गोधडीची वळकटी लावून त्याला रात्रभर टेकवून बसवायची. सकाळी चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा टरारलेल्या. एक्स-रे निघाला तेव्हा छातीच्या मधोमध भलीमोठी गाठ. टी-सेल लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर. सीटी स्कॅनसाठी झोपवलं आणि ओठ निळे पडले. सिस्टरनी झटकन उठवून बसवलं. दाराशी मी उभा होतो.

ही गाठ श्वासनळी दाबते आणि डोक्याकडून रक्त आणणारी मोठी शीरही. अशा रुग्णाला आडवं करून भूल दिली तर श्वासनळी मिटू शकते. म्हणून तपासणीचा नमुना शक्यतो जागेपणी घेतात, मानेतल्या गाठीतून किंवा छातीत साठलेल्या पाण्यातून. स्टेरॉइडने या पेशी भराभर फुटल्या तर रक्तात पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड चढतं, किडन्या बंद पडू शकतात. शिवाय गाठ विरघळू लागली की निदान हुकू शकतं. हे त्याच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकृती काढून मला समजावलं. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय. तुम्ही तिथवर तरी वाचलंत का?

दम्याचं औषध बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. लाखातला हिशोब तुमच्यापाशीच राहू द्या.

आडवं झोपवत नसेल, चेहरा सुजत असेल, तर स्टेरॉइडआधी छातीचा एक्स-रे मागा, हे वाक्य लेखात राहील. तुमची प्रतिक्रियाही मी काढलेली नाही. तो शब्द तेवढा मागे घ्या.