तुला इथे यायचे किती मिळतात?

स्वयंसेवक म्हणून ज्याच्याकडे जायला लागलो, त्याने पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला. काहीच मिळत नाही म्हटलं, तर विश्वास बसेना. मग म्हणाला, "कुठल्या पंथाबिंथाचा आहेस का?" तेही नाही म्हटल्यावर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग का येतोस?" मला काही धड उत्तर देता आलं नाही. त्यानेच विषय बदलला. "बुद्धिबळ येतं?" येतं म्हटलं. त्याला माझ्यापेक्षा फारच चांगलं येतं, हे दहा मिनिटांत कळलं.

त्याचा संशय मला अगदी रास्त वाटतो. स्किझोफ्रेनियाने त्याला ऐन तरुणपणी गाठलं. हॉस्पिटलातल्या पहिल्या ॲडमिशननंतर कॉलेजचे मित्र पांगले, पुढच्या खेपेला नोकरी गेली आणि तिच्याबरोबर ऑफिसातले गेले. आता त्याच्या फोनमध्ये उरलंय कोण? डॉक्टर, समुपदेशक, औषधाच्या दुकानातला माणूस आणि घरचे. पहिल्या तिघांचं ते कामच आहे. घरच्यांना पर्याय नाही. ज्याला न येण्याची पूर्ण मुभा आहे आणि तरी येतो, असं एकही माणूस त्याच्या आयुष्यात नव्हतं. तुमच्या-माझ्या आयुष्यात अशी माणसं इतकी असतात की त्यांची किंमत कळत नाही. गंभीर मानसिक आजार झालेल्याकडून सगळ्यात आधी हीच माणसं जातात, आणि ती परत मिळवून द्यायची सोय कुठल्याच प्रिस्क्रिप्शनमध्ये नसते.

या पोस्टचं कारण हेच. मानसिक आजाराबद्दल आपण हल्ली बरंच बोलतो. 'मोकळं व्हा', 'मदत मागा', 'लाजू नका'. सगळं चांगलंच आहे. पण हे सगळे सल्ले आजारी माणसाला आहेत. त्याने मोकळं व्हायचं ते कोणाजवळ, याचं उत्तर बाकीच्यांनी द्यायचं असतं आणि तिथे आपण सगळे एकमेकांकडे बघतो.

मैत्रीने आजार बरा होतो का? नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्वयंसेवकांमध्ये अधूनमधून एखादा 'प्रेमाने सगळं बरं होतं' पंथाचा निघतोच, आणि तो गोळ्या बंद करायला सांगेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. गोळ्या हा डॉक्टरचा प्रांत. आपण त्यात बोट घालायचं नाही.

मग मैत्रीने होतं तरी काय? यावर अभ्यास झालेले आहेत. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी १९७०च्या दशकात लंडनमधल्या स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास केला. संकटं अनेकींवर आली होती, पण मनातलं सांगावं असं जवळचं माणूस जिला नव्हतं, तिला नैराश्य येण्याची शक्यता बरीच जास्त होती. पुढे त्यांनी उलट बाजूने प्रयोग केला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ नैराश्य असलेल्या स्त्रियांशी मैत्री करायला स्वयंसेविका पाठवल्या. वर्षभराने ज्यांना मैत्रीण मिळाली होती त्यांतल्या ६५ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, ज्यांना मिळाली नव्हती त्यांतल्या ३९ टक्के.

मला त्याहून मजेशीर वाटतो तो २००० सालचा ब्रिटनमधला अभ्यास. औषधं घेऊनही लक्षणं न जाणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या ९० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सीबीटी, म्हणजे रीतसर मानसोपचार. दुसऱ्या गटाबरोबर फक्त गप्पा मारायच्या. खेळ, छंद, बातम्या, काहीही, आजार सोडून. गप्पांचा गट खरं तर तुलनेपुरता ठेवला होता. नऊ महिन्यांनी बघतात तर दोन्ही गट सुधारलेले! मग उपचार थांबवले आणि आणखी नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं. सीबीटीचा फायदा टिकला होता, गप्पांचा ओसरला होता. निष्कर्ष असा की सीबीटी श्रेष्ठ. ते मान्यच. पण माझ्यासारख्याला वाटतं, अहो, गप्पा बंद केल्यावर गप्पांचा फायदा ओसरला, यात नवल ते काय?

आणि विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं. सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं सुटणाऱ्या आजारांच्या (स्किझोफ्रेनिया त्यातलाच) रुग्णांना वर्षभर एकेक स्वयंसेवक जोडून देणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दिवसभरात माणूस किती वेळ काहीतरी करत असतो, हे त्यात प्रामुख्याने मोजलं होतं, आणि त्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो भेटीगाठींमध्ये. लोकांशी असलेला संपर्क वाढला. काही जणांना हा निकाल निराशाजनक वाटला. मला नाही वाटत. मैत्री केल्यावर माणसं वाढली, याहून जास्त मैत्रीकडून मागायचं तरी काय? आपण मित्राकडे जातो ते आपली कार्यक्षमता वाढावी म्हणून जात नाही.

आता प्रत्यक्षात हे कसं असतं ते सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात भलतंच चित्र असतं. कोणी खांद्यावर डोकं ठेवून रडत नाही. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. आम्ही पट मांडतो. औषधांमुळे त्याचे हात थरथरतात. घोडा उचलताना शेजारचा हत्ती पडतो, तो उचलायला जावं तर तिसरंच प्यादं आडवं होतं, आणि सगळा पट विस्कटतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाईघाईने सोंगट्या गोळा करायला लागलो. त्याने हाताने थांबवलं. मग एकेक करून, थरथरत्या बोटांनी, त्याने तो अर्धवट डाव होता तसाच्या तसा परत मांडला. माझ्या आडव्या झालेल्या वजिराची जागासुद्धा बरोबर. मांडून झाल्यावर म्हणाला, "तुझी चाल." घरचे म्हणतात, याचं कशात लक्षच लागत नाही. त्यांचंही खोटं नाही. आंघोळीला उठवायला त्यांना रोज झगडावं लागतं. पण त्या डावाला साक्षीदार मी एकटाच होतो.

ही उठायची, आवरायची, बाहेर पडायची इच्छाच आटणं, याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नवे स्वयंसेवक इथेच गळतात. भास, संशय, आवाज ऐकू येणं, ही लक्षणं लोकांना ऐकून माहीत असतात, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत औषधांनी ती आटोक्यातही येतात. पण उमेद मावळणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, बोलणं कमी होणं, ही लक्षणं औषधांना फारशी दाद देत नाहीत. वर गोळ्यांची गुंगी, वाढलेलं वजन. बघणाऱ्याला वाटतं, आळशी आहे. आणि भेटायला जाणाऱ्याला वाटतं, याला मी नकोय. तुम्ही ठरल्या वेळी पोहोचता आणि दार उघडायला येते त्याची बहीण, "आज तो झोपलाय." पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तुमचा फुगा फुटतो. आपण इतका वेळ काढून आलो, त्याचं याला काही नाही!

इथे टिकायचं असेल तर एक ठरवावं लागतं, की तो नाही आला तरी आपण यायचं. निरोप ठेवायचा, पुढची वेळ सांगायची, निघायचं. तोंड पाडायचं नाही. त्याच्या आयुष्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी कंटाळून यायचं सोडलंय. तुम्ही कधी सोडता, याची तो वाटच बघत असतो, आणि माझ्या मते न उठणं हा काही वेळा तेवढं तपासून बघण्याचाही प्रकार असतो.

या क्षेत्रात आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत आहे. शुभंकरांबद्दलही दोन शब्द. वर ज्यांचा उल्लेख केला त्याच ब्राऊन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबांवरही काम केलं होतं. घरात सतत टीका किंवा अतिकाळजी असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे त्यांनी आणि पुढे इतरांनी दाखवलं. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. अशा घरांतसुद्धा, रुग्ण आणि कुटुंबीय आठवड्याला ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील, तर धोका कमी राहायचा. यात कुटुंबाला दोष द्यायचा नाही. चोवीस तास एकमेकांच्या समोर असतील तर निरोगी माणसंही एकमेकांच्या उरावर बसतात. पण म्हणजे बघा, तुम्ही दोन तास त्याला फिरायला नेलंत, तर ते दोन तास त्याचे असतात तसे त्याच्या आईचेही असतात. तेवढ्या वेळात ती काय करते, ते विचारू नका. बहुतेक जणी नुसत्या पडून राहतात.

मोठ्या प्रमाणावर हे कुठे झालंय का, असं कोणीतरी विचारेलच. बेल्जियममधलं खेल हे गाव बघा. तेराव्या शतकापासून तिथली सर्वसाधारण घरं मानसिक आजार असलेल्यांना आपल्या घरात राहायला घेतात. सुरुवात एका संत स्त्रीच्या देवस्थानापासून झाली. बरं व्हायला म्हणून यात्रेकरू यायचे, जागा पुरायची नाही, मग गावकऱ्यांनी घरात घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असे जवळपास ४००० लोक त्या गावात राहत होते. आता संख्या बरीच रोडावली आहे, तरी प्रथा चालू आहे. काही जण एकाच घरात दशकानुदशकं राहिले. घरातली म्हातारी माणसं गेली, तर पुढच्या पिढीने सांभाळलं. या घरांना सरकारी भत्ता मिळतो, तेव्हा 'पैसे न घेणारा माणूस' हा माझा मुद्दा तिथे थोडा लंगडा पडतो, कबूल. पण आजाराचं नाव काय, हे त्या घरांना सहसा सांगितलंच जात नसे, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाहुणा कसा आहे, हे त्याच्याबरोबर राहून कळायचं.

आणि म्हणूनच माझं एक मत आहे, जे संस्था चालवणाऱ्या काही स्नेह्यांना पटत नाही. स्वयंसेवकाला प्रशिक्षण हवंच, पण ते देता देता त्याचा अर्धा डॉक्टर करू नका. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली आज्यांना शिकवून, मानसिक त्रास असलेल्यांशी बोलायला दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तो प्रकल्प गाजला आणि योग्यच गाजला. पण त्या आज्या समस्या सोडवण्याचा एक रीतसर, पायऱ्यापायऱ्यांचा उपचार देतात. ते वेगळं काम आहे. मैत्री करायला गेलेल्याने "गोळ्या घेतल्यास का, झोप किती लागली, आवाज येतात का" अशी सरबत्ती लावली की समोरचा मिटतो. हे प्रश्न त्याला सगळेच विचारतात. बुद्धिबळाचा डाव, पाऊस, त्याचा आवडता खेळाडू या वर्षी का ढेपाळलाय, हे कोणी विचारत नाही.

जुजबी गोष्टी मात्र आधी कळायलाच हव्यात. एकदा चालता चालता तो थांबला आणि म्हणाला, समोरचा माणूस आपल्यावर पाळत ठेवतोय. तो माणूस फोनवर बोलत उभा होता. अशा वेळी "छे, काहीतरीच काय" म्हणून वाद घालायचा नाही, आणि "हो रे, खरंच" असंही म्हणायचं नाही. मी म्हटलं, "मला तसं वाटत नाहीये, पण तुला नको वाटत असेल तर पलीकडच्या बाजूने जाऊ." पलीकडून गेलो. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत तो क्रिकेटवर घसरला होता.

पैसे उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत. रात्री-अपरात्री फोन उचलणार की नाही, हे सुरुवातीलाच सांगायचं आणि जे सांगितलं तेच पाळायचं. जीव द्यायचा विचार मनात येतो असं तो बोलला, तर घाबरून विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं, ऐकून घ्यायचं, पण 'कोणाला सांगू नकोस' हे वचन कधीही द्यायचं नाही. तत्काळ घरच्यांना, डॉक्टरांना कळवायचं आणि कळवतोय हे त्यालाही सांगायचं. यात मैत्री तुटेल अशी भीती वाटते. तुटली तर तुटू दे, माणूस राहील.

सगळ्यात अवघड भाग थांबण्याचा. मानसिक आजार असलेल्यांना असेच स्वयंसेवक मित्र जोडून देणाऱ्या, अमेरिकेत १९७३ साली सुरू झालेल्या कम्पीअर या संस्थेने किमान एक वर्षाची बांधिलकी मागायची पद्धत घातली, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. सहा आठवडे जोशात जाऊन अचानक गायब होणं, हे न जाण्यापेक्षा वाईट. बदली होते, मूल होतं, आईवडील आजारी पडतात, सगळं समजू शकतं. पण मग ते तोंडाने सांगायचं, काही भेटी आधी, तारीख देऊन. मेसेज टाकून सुटायचं नाही.

"मलाही करायचंय, कसं करू?" असे मेसेज मला येतात, म्हणून इथेच लिहितो. जवळपास जी कुठली संस्था हे काम करते तिच्याकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. अडचण आली तर मी कोणाला फोन करायचा आणि तो उचलला जाईल का? माझी जोडी जुळवण्याआधी त्या व्यक्तीला विचारलं जाणार आहे का, की तिलाही मी परस्पर नेमून दिलेला असेन? आणि मला थांबावं लागलं तर पुढे काय करणार? शेवटच्या प्रश्नावर गोंधळले, तर तेवढ्यावरून परत फिरू नका, बऱ्याच ठिकाणी त्याचा विचारच झालेला नसतो. पहिल्या दोनवर गोंधळले, तर दुसरी संस्था बघा.