सिबिल बघून माणूस ठरवणाऱ्यांनो

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी ती मूर्तिजापूरची बातमी पुन्हा फिरवली. २०२५ च्या फेब्रुवारीतली. मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल अहवाल, म्हणजे कर्जं कशी फेडली याची सिबिल कंपनीकडची नोंद, बघायला मागितला, त्यात कर्जं निघाली, ठरत आलेलं लग्न मोडलं. खाली अंगठे, टाळ्या, आणि एका काकांचं वाक्य, "इथून पुढे पत्रिकेआधी सिबिलच बघायचा. कर्जबुडवे घरात नकोत."

त्या ग्रुपवर माझे धाकटे दीरही आहेत. त्यांनी ते वाचलं, हे मला दिसलं. तेव्हापासून डोकं फिरलंय. भाऊजींना विचारूनच हे लिहितेय.

भाऊजी इचलकरंजीत खर्चीवाले यंत्रमागधारक होते. सूत व्यापाऱ्याचं, माग यांचे, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने. २०१९ मध्ये सासऱ्यांचं ऑपरेशन आणि मागांची दुरुस्ती एकदमच आली, म्हणून एका खासगी बँकेकडून चार लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. टाळेबंदीपर्यंत एकही हप्ता चुकला नव्हता. मग मार्च २०२० आला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज काही थांबलं नाही, ते चढतच राहिलं. सप्टेंबरात हप्ते सुरू झाले तेव्हा कापडाला उठाव नव्हता आणि निम्मे माग बंद होते. पुढे चार माग भंगारात किलोच्या भावाने गेले. ते टेम्पोत चढवले त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

यात उधळपट्टी कुठे आहे, कुणीतरी दाखवा मला.

सिबिलचा आकडा ३०० ते ९०० मधला. जुगारात घालवलेला हप्ता आणि बापाच्या दवाखान्यात गेलेला हप्ता, दोन्ही त्यात सारखेच थकलेले दिसतात. यंत्राला फरक कळत नाही, ठीक आहे. आपण तर एका ताटात जेवलेली माणसं आहोत ना?

नंतर वसुलीवाले सुरू झाले. रात्री साडेनऊला फोन. भाऊजींनी उचलला नाही तर सासूबाईंना. त्यांनीही नाही उचलला तर नणंदेच्या सासरी! सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास देऊन कर्जदाराची बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय. हे फोन त्यानंतरचे आहेत. सासूबाई फोन वाजला की देवघरात जाऊन बसायच्या. ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे उसनी साखर मागितली नाही, तिला एक पोरगा फोनवर विचारतो, "मुलाला हेच शिकवलंत का?" हे लिहिताना आत्ताही माझे हात थरथरतायत.

शेवटी बँकेचा माणूस घरी आला. गोड बोलला. अडीच लाख एकरकमी भरा, बाकीचं सोडून देतो, सेटलमेंट करून टाकू, विषय संपला. जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या आणि पैसे भरले. अहवालात त्या खात्यावर "सेटल्ड" (तडजोडीने मिटवलं) असा शेरा बसतो, "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) असा नाही, आणि पुढची बँक तो शेरा बघून दार लावून घेते, हे त्या माणसाने सांगितलं नाही. असा शेरा सातेक वर्षं माणसाच्या मागे राहतो. पाटल्या घेताना तोंड उघडायला काय झालं होतं?

पुढचं ऐका. हे कळल्यावर भाऊजींनी काय केलं? बँकेने सोडून दिलेली रक्कमसुद्धा भरली. कुणी मागितली नव्हती. उरलेले माग सांभाळत दिवसा, आणि रात्री एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हिशेब लिहून, दोन वर्षांत सगळी भरली. थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. आज त्यांच्या नावावर एक रुपया बाकी नाही. तरी पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या कर्जासाठी गेलो तेव्हा अहवालात शेरा तोच, "सेटल्ड". कारण बँकेने पुढे सिबिलला कळवलंच नाही! हप्ता चुकला की लगेच कळवतात, पैसे आले की कळवायला माणूस नसतो.

पोरीला वाटलं, आपल्यामुळे बाबांना साहेबासमोर खाली बघावं लागलं. पोरगी बिचारी मला म्हणाली, "काकू, मी बी.एस्सी. करते, राहू दे." इतकी हुशार मुलगी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय, निव्वळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका. आपल्याकडे मुख्यमंत्री बँकांना सांगतात, पीककर्जाला सिबिल मागू नका. आणि काउंटरवर बसलेला माणूस पहिला सिबिलच उघडतो. दुसरीकडे स्टेट बँकेने खराब सिबिलवरून एकाची नेमणूक रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. म्हणजे कर्जासाठी नोकरी हवी, आणि नोकरीसाठी कर्जाचा इतिहास स्वच्छ हवा. ज्याचं एकदा बिनसलं त्याने जायचं कुठे?

मान्य, बँकेत पैसा ठेवीदारांचा असतो आणि ऐपत असून बुडवणारे लोकही आहेत. मुलीच्या घरच्यांनी चौकशी करू नये असंही मी म्हणत नाही, माझी मुलगी असती तर मीही केली असती. पण चौकशी म्हणजे माणसाला समोर बसवून विचारणं, की बाबा रे, हे कर्ज कशाचं, आणि फेडतोयस कसं. भाऊजींना असं एकानेही विचारलेलं नाही. बँकेने नाही, आणि ग्रुपवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी तर नाहीच.

काका, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. तुमच्यावर राग आहे, पण तुमच्या मागच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण बसलं होतं ते तुम्ही विसरला नसाल. त्याच माणसाला आज सकाळी तुम्ही कर्जबुडवा म्हणालात. नाव घेतलं नाहीत, पण ते त्याला लागलं.

आता जरा शांत होऊन कामाचं सांगते, कारण माझ्या मित्रयादीतल्या दोघातिघांची अवस्था हीच आहे आणि लाजेने कुणी बोलत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, "स्कोअर वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. सेटलमेंट करायचीच झाली तर शेरा काय बसणार ते आधी विचारा आणि लेखी घ्या. शेरा चुकीचा असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येतं. भाऊजींची तक्रार आम्ही केलीय, ३० दिवस उलटून गेलेत, लोकपालाचा अर्ज मी उद्या भरतेय.

ज्यांना इंग्रजी अहवाल वाचायला अवघड जातो त्यांनी इनबॉक्समध्ये या, किंवा रविवारी सरळ घरी या. मी बसून वाचून देईन, अर्जही लिहून देईन. कर्ज कशाचं होतं ते मला सांगितलं नाहीत तरी चालेल.